स्पार्कात केलेलं टेबल फ्लिंकमध्ये दिसून नाही राहिलं, कॅटलॉगचं नेमकं काय असते?

पांढरं_सोनं · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, दारव्हा तालुक्यातून लिहून राहिलो. आमच्या इकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं डेटाचं काम माझ्याकडे आहे. कापसाच्या काट्याच्या पावत्या, गाडीचं भरलेलं वजन, खाली वजन, ओलावा, प्रत, भाव, शेतकऱ्याचा कोड, हे सगळं. सीझनमध्ये गाड्या रात्री उशिरापर्यंत रांगेत उभ्या असतात अन् ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला का भावात कपात होते, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा जीव त्या पावतीत अडकलेला असतो. नोंद चुकली तं चालत नाही.

आता अडलं काय ते सांगतो. मागच्या २ वर्षांच्या पावत्या स्पार्कातून (मोठा डेटा हाताळायचं इंजिन) पार्केटमध्ये (कॉलमवार साठवणाऱ्या फायलींचा फॉरमॅट) टाकल्या, तारखेनं पार्टिशन केलं, म्हणजे दर तारखेचं वेगळं फोल्डर, सेव्ह-अ‍ॅज-टेबल करून 'पावती' नावाचं टेबल केलं. स्पार्कात दिसते, सिलेक्ट चालते, बेरीज जुळते. चालू आवक काफ्कातून (नोंदी येतीन तशा पुढं देणारी रांग) येते म्हणून तिच्यासाठी फ्लिंक, वाहता डेटा हाताळणारं इंजिन, घेतलं, तेच मशीन, तीच डिस्क. फ्लिंकचा एसक्यूएल क्लायंट उघडून शो टेबल्स केलं तं रिकामं! फोल्डर तिथंच, फायली तिथंच. मंग फ्लिंकमध्येच काफ्काचं टेबल तयार केलं, ते मस्त चाललं, रात्री क्लायंट बंद केला अन् सकाळी उघडला तं तेही गायब.

फ्लिंक पार्केट वाचते असं सगळीकडे लिहिलेलं आहे. मंग टेबल काहून नाही दिसत? दोन दिवस झाले डोकं लावून राहिलो.

बेंबळाकाठ · सोमवार, रात्री ११:३२

भाऊ आधी फ्लिंकमध्ये शो कॅटलॉग्ज करा अन् काय येते ते इथं टाका.

पांढरं_सोनं · सोमवार, रात्री ११:३५

एकच ओळ, डिफॉल्ट कॅटलॉग.

तलाठ्याचा_पोरगा · मंगळवार, सकाळी ७:०५

मंग तिथंच उत्तर आहे. बाबा तलाठी होते, घरात फेरफाराच्या वह्या पाहतच मोठा झालो, त्यामुळं मले हे असंच समजते, तसंच सांगतो.

वावर जाग्यावर असते, धुरे असतात, विहीर असते. पण बँकेत पीककर्जाले गेलं का साहेब वावर पाहायले येत नाही, सातबारा मागते. गट नंबर किती, क्षेत्र किती, मालक कोण, बोजा आहे का, सगळं त्या कागदावर. तुमच्या पार्केटच्या फायली म्हणजे वावर. टेबल म्हणजे फायली नाहीत राजेहो, टेबल म्हणजे कॅटलॉगातली नोंद, का या नावाचं टेबल आहे, हे कॉलम आहेत, डेटा या जागी पडला आहे, अमुक फॉरमॅटात आहे अन् हे त्याचे पार्टिशन. इंजिन पहिले ती नोंद पाहते, मंगच वावरात उतरते.

फ्लिंकचा डिफॉल्ट कॅटलॉग हा मेमरीतला असते. सेशन आहे तोवर नोंद आहे, सेशन बंद का नोंद गेली. पारावर चार लोकांसमोर तोंडी सांगितल्यासारखं, ते चार लोक उठून गेले का पुरावा संपला. म्हणून तुमचं काफ्काचं टेबल सकाळी नव्हतं. काफ्कातला डेटा कुठं गेला नाही, नोंद गेली.

अन् स्पार्कातलं 'पावती' त्याले काहून दिसत नाही, तं ते टेबल स्पार्कानं आपल्या स्वतःच्या वहीत लिहिलं आहे. फ्लिंकनं ती वही उघडलीच नाही. तुम्ही वेगळं काही सेट केलं नसन तं स्पार्क डर्बी नावाच्या छोट्या डेटाबेसात ती वही ठेवते, ज्या फोल्डरातून तुम्ही स्पार्क सुरू केलं तिथं मेटास्टोअर-डीबी नावाचं फोल्डर झालेलं असन. पाहा बरं आहे का.

पांढरं_सोनं · मंगळवार, सकाळी ९:४८

आहे!! एक नाही, तीन ठिकाणी आहे. एक होम फोल्डरात, एक प्रोजेक्टच्या फोल्डरात, एक डेस्कटॉपवर. आता समजलं का मागच्या महिन्यात एकदा स्पार्कातूनही 'पावती' गायब कशी झाली होती, मी त्या दिवशी डेस्कटॉपवरून सुरू केलं होतं. मले वाटलं डेटा उडाला, रात्रभर बसून पुन्हा लोड केला होता.

अजून एक, नोटबुक चालू असताना दुसऱ्या टर्मिनलात स्पार्क उघडलं का एरर येते, डर्बीचं दुसरं इन्स्टन्स आधीच डेटाबेस धरून बसलं आहे असं काहीतरी. हे त्याच्यामुळंच का?

तलाठ्याचा_पोरगा · मंगळवार, सकाळी १०:१५

हो, त्याच्यामुळंच. असा आत बसवलेला डर्बी एका वेळी एकाच प्रोसेसले वही देते. एकट्यानं शिकायले ठीक, कामाले नाही. हाइव्ह मेटास्टोअर, म्हणजे टेबलांच्या नोंदींची सामाईक वही, वेगळी सर्व्हिस म्हणून चालवा, त्याच्या मागं पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल असा पक्का डेटाबेस ठेवा, ९०८३ पोर्टवर ते ऐकत असते. स्पार्कालेही तोच पत्ता द्या, फ्लिंकलेही तोच. दोघंही एकाच तलाठी ऑफिसात जातीन. हे जे फोल्डरात डर्बी आहे ते कामाच्या गावचं नाही.

नवशिकी_वाशीम · मंगळवार, दुपारी १:२०

दादा, मध्येच विचारते, कॉलेजात आम्हाला हाइव्ह म्हणजे हडूपवर (अनेक मशीनवर डेटा साठवायची यंत्रणा) एसक्यूएल चालवायचं साधन असं शिकवलं. पण पांढरं_सोनं दादा तर हाइव्ह वापरतच नाहीयेत, मग त्याचं मेटास्टोअर कशाला?

पुण्यातला_वऱ्हाडी · मंगळवार, रात्री ८:४०

ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे. मूळचा मोर्शीचा, पुण्यात हेच काम करतो म्हणून थोडं लिहितो.

हाइव्ह फेसबुकमध्ये तयार झालं, नंतर अपाची या ओपन सोर्स संस्थेकडे आलं. त्यात दोन भाग होते, एक क्वेरी चालवणारं इंजिन आणि दुसरं कुठलं टेबल कुठे आहे हे लिहून ठेवणारं मेटास्टोअर. पुढे क्वेरी चालवायला स्पार्क आलं, प्रेस्टो आलं, फ्लिंक आलं, हाइव्हचं इंजिन पुष्कळांनी सोडलं, पण तोवर हजारो टेबलांच्या नोंदी मेटास्टोअरमध्ये होत्या. नवीन इंजिनांनी नवी वही काढण्यापेक्षा तीच वही वाचायला शिकून घेतली. म्हणून हाइव्ह न वापरणाऱ्यांकडेही हाइव्ह मेटास्टोअर असतं. आतमध्ये साधी टेबलंच आहेत, डेटाबेसचं एक, टेबलांचं एक, कॉलमचं एक, पार्टिशनचं एक, टेबलाच्या जादा प्रॉपर्टीजचं (नाव आणि त्यापुढे मजकूर अशा सुट्या नोंदींचं) एक. हे शेवटचं, प्रॉपर्टीजवालं, लक्षात ठेवा. पुढचा निम्मा गोंधळ तिथून येतो.

पांढरं_सोनं · गुरुवार, रात्री ११:५५

झालं! पोस्टग्रेसवर मेटास्टोअर उभं केलं, स्पार्कातून टेबलं त्याच्यात पुन्हा सेव्ह केली, मधात दोन वेळा लाइन गेली तरी झालं. फ्लिंकमध्ये हाइव्ह कॅटलॉग जोडला, शो टेबल्स केलं अन् 'पावती' दिसलं. लय बरं वाटलं. सिलेक्ट पण चालते.

पण आता तीन नवीन गोष्टी.

पहिली, स्पार्कात कॉलमचं नाव मी काटानंबर असं इंग्रजीत, मधात मोठं अक्षर घेऊन ठेवलं होतं. स्पार्कात तसंच दिसते. फ्लिंकमध्ये तसं लिहिलं का म्हणते असा कॉलमच नाही, सगळं लहान अक्षरात लिहिलं का चालते.

दुसरी, 'भाव' नावाचं रोजच्या बाजारभावाचं टेबल आहे, ते जेसन या मजकुराच्या फॉरमॅटात सेव्ह केलं होतं. स्पार्कात ८ कॉलम. फ्लिंकमध्ये पाहिलं तं एकच कॉलम, नाव 'कॉल', टाइप स्ट्रिंगचा अ‍ॅरे. हे काय आहे?

तिसरी, काफ्काचं टेबल आता टिकते, सकाळी पण असते, पण स्पार्कातून त्याले डिस्क्राइब केलं तं कॉलमच नाहीत.

तलाठ्याचा_पोरगा · शुक्रवार, सकाळी ६:५०

पहिल्याचं मी सांगतो. हाइव्ह मेटास्टोअर सगळी नावं लहान अक्षरातच ठेवते. स्पार्क हुशारी करते, मूळ स्पेलिंगचा पूर्ण स्कीमा (कॉलमांची नावं अन् टाइप) प्रॉपर्टीजमध्ये वेगळा लिहून ठेवते अन् वाचताना तो काढते. फ्लिंक मात्र मेटास्टोअरचे कॉलम जसे आहेत तसेच घेते अन् फ्लिंकले मोठं-लहान अक्षर वेगळं वाटते. म्हणून एकच सल्ला, पहिल्या दिवसापासून सगळी नावं लहान अक्षरात अन् मधात अंडरस्कोर. बाकीच्या दोन गोष्टी पुण्यातल्या भाऊनं सांगाव्या.

पुण्यातला_वऱ्हाडी · शुक्रवार, रात्री ९:१५

दोन्हीचं मूळ एकच आहे, बघा.

स्पार्क टेबल सेव्ह करताना पाहतं की हा फॉरमॅट हाइव्हला समजेल अशा पद्धतीनं लिहिता येतो का. पार्केट, ओआरसी यांच्यासाठी येतो, म्हणून 'पावती' सरळ दिसलं. जेसन आणि सीएसव्हीसाठी स्पार्ककडे तशी जोडी नाही, मग ते खरा स्कीमा फक्त प्रॉपर्टीजमध्ये, स्वतःच्या भाषेत लिहितं आणि कॉलमच्या जागी एक नावापुरता कॉलम टाकून देतं. तोच तुमचा स्ट्रिंगचा अ‍ॅरे. सेव्ह करताना स्पार्कनं लॉगमध्ये वॉर्निंग दिली असणार, की हे स्पार्कच्या खास पद्धतीनं साठवतोय, हाइव्हशी जुळणार नाही. लॉग चाळून पाहा, नक्की सापडेल.

फ्लिंक नेमकं हेच उलट्या बाजूनं करतं. हाइव्ह कॅटलॉगमध्ये काफ्काचं टेबल केलं की फ्लिंक त्याला जेनेरिक टेबल समजतं आणि सगळी माहिती फ्लिंक असा शब्द पुढे लावून प्रॉपर्टीजमध्ये ठेवतं. स्पार्कला नाव दिसतं, आत काही दिसत नाही. म्हणजे हाइव्ह मेटास्टोअर फ्लिंकसाठी दोन कामं करतं, एक हाइव्हची खरी टेबलं वाचणं-लिहिणं आणि दुसरं फ्लिंकची स्वतःची टेबलं नुसती जपून ठेवणं. दुसऱ्या प्रकारची टेबलं दुसऱ्या कोणासाठी नसतातच. फ्लिंकमधून हाइव्हचं खरं टेबल करायचं असेल तर एसक्यूएल डायलेक्ट (बोली) हाइव्ह करून क्रिएट टेबल द्या.

तेव्हा एखाद्या इंजिनाला पार्केट येतं का, हा प्रश्न अर्धाच आहे. कुठल्या कॅटलॉगातून, कोणी नोंदवलेलं टेबल, हे जोडलं की तो पूर्ण होतो. माझी पहिली २ वर्षं हे न कळल्यामुळे वाया गेली, म्हणून इतकं तळमळीनं लिहितोय.

संत्राबाग_वरूड · शुक्रवार, रात्री १०:३०

माझं पण एक ऐका, कारण याच्यात डेटा जाऊ शकते.

आधी जिथं कामाले होतो तिथं एक टेबल होतं, ३ वर्षांचा हिशेब. एका पोरानं नाव चुकलं म्हणून ड्रॉप टेबल केलं, का आता नवीन नावानं बनवतो, फायली तं तिथं आहेतच. फायली राहिल्याच नाहीत. टेबल मॅनेज्ड होतं, म्हणजे कॅटलॉगले वाटते का डेटा पण माझाच, नोंद खोडली का तो फायली पण साफ करते. एक्स्टर्नल असतं तं फक्त नोंद गेली असती. त्या पोराचा चेहरा मी विसरलो नाही, चूक त्याची एकट्याची नव्हती, आम्ही कोणीच त्याले हा फरक सांगितला नव्हता.

पांढरं_सोनं भाऊ, तुमचं सेव्ह-अ‍ॅज-टेबल पाथ न देता केलं असन तं 'पावती' मॅनेज्ड आहे. आजच डिस्क्राइब एक्स्टेंडेड करून टाइप पाहून घ्या, उद्यावर ठेवू नका.

पांढरं_सोनं · शुक्रवार, रात्री १०:४१

मॅनेज्डच निघालं. आत्ताच फायलींची कॉपी वेगळ्या डिस्कवर टाकून राहिलो. उपकार झाले भाऊ.

नवशिकी_वाशीम · शनिवार, सकाळी ११:००

मी घरी हाच प्रयोग करून पाहिला. एक नवीन तारखेचं फोल्डर हातानं कॉपी करून टाकलं, पण सिलेक्टमध्ये ती तारीख येतच नाही. हेही नोंदीमुळेच ना?

बेंबळाकाठ · शनिवार, सकाळी ११:२०

हो ताई. पार्टिशनची पण नोंद लागते. एमएससीके रिपेअर टेबल चालवा, फोल्डर पाहून राहिलेले पार्टिशन तो चढवून देते. इंजिनातून इन्सर्ट केलं असतं तं नोंद आपोआप झाली असती.

मेळघाट_वाटाड्या · शनिवार, सायंकाळी ५:१०

एवढं करण्यापेक्षा आइसबर्ग घ्या ना. टेबलांचा ओपन फॉरमॅट आहे, स्पार्क, फ्लिंक, ट्रिनो सगळी इंजिनं वाचतात. कॅटलॉगची कटकटच संपते.

पुण्यातला_वऱ्हाडी · शनिवार, रात्री १०:०५

आइसबर्ग घ्यावं हे मलाही पटतं. पण कटकट संपते हे नाही पटत भाऊ, आइसबर्गमध्ये कॅटलॉग उलट जास्त महत्त्वाचा होतो.

आइसबर्ग नेटफ्लिक्समध्ये सुरू झालं ते हाइव्हच्या टेबलांच्या याच दुखण्यावर, की टेबल म्हणजे फोल्डर असं धरलं की कोणती फाईल खरी याचा भरवसा राहत नाही. आइसबर्गमध्ये प्रत्येक बदलाबरोबर नवीन मेटाडेटा फाईल तयार होते, तिच्यात स्कीमा, पार्टिशनची रीत, स्नॅपशॉट (त्या-त्या वेळचं टेबलाचं चित्र), आणि पुढे डेटा फायलींच्या याद्यांपर्यंतचा रस्ता. मग कॅटलॉगकडे काय उरतं? सध्याची मेटाडेटा फाईल कोणती, एवढंच बोट. कमिट म्हणजे ते बोट जुन्या फाईलवरून नव्या फाईलवर एका झटक्यात नेणं. दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचं बोट हलतं, दुसऱ्याला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. ही शिस्त कॅटलॉग पाळतो, म्हणून कॅटलॉग कच्चा तर टेबल कच्चं.

आता फरक पाहा. कॅटलॉग न उभारता नुसत्या फोल्डरवर चालणारा हडूप कॅटलॉग आहे, तो फाईलचं नाव बदलण्यावर विसंबून आहे, एचडीएफएस या हडूपच्या फाईल सिस्टिमवर ते चालतं, एस-३ सारख्या क्लाउडमधल्या ऑब्जेक्ट स्टोअरवर एकापेक्षा जास्त जण लिहीत असतील तर धोका. त्यात टेबलाचं नावही बदलता येत नाही, रिनेम दिलं की नकार. हाइव्ह मेटास्टोअर घेतलं तर ते बोट प्रॉपर्टीजमध्ये बसतं, रिनेम चालतं. पण हाइव्हला स्वतःला ते टेबल वाचायचं असेल तर टेबलावर हाइव्हसाठीचं सेटिंग चालू करावं लागतं. रेस्ट कॅटलॉग म्हणजे इंजिन आणि कॅटलॉग यांच्यात ठरवलेली एचटीटीपीची बोली, तिच्यात अनेक टेबलांचं एकत्र कमिटसुद्धा आहे. २०२४ च्या जूनमध्ये पोलारिस कॅटलॉग जाहीर झालं, त्याच महिन्यात युनिटी कॅटलॉग ओपन सोर्स झालं, मोठ्या कंपन्यांची ओढ कुठे आहे हे त्यावरून समजा. फॉरमॅटचं भांडण मिटत आलं, आता वही कोणाकडे यावर चाललंय.

ट्रिनोचंही सांगतो. तिथे प्रत्येक कॅटलॉगची एक प्रॉपर्टीज फाईल आणि तिच्यात कनेक्टरचं (कुठल्या प्रकारची टेबलं वाचायची ते ठरवणाऱ्या भागाचं) नाव. एकाच मेटास्टोअरवर हाइव्ह कनेक्टर लावला तर आइसबर्गच्या टेबलाचं नाव दिसेल, क्वेरी दिली की नकार. आइसबर्ग कनेक्टर लावला की तेच टेबल चालतं. मेटास्टोअर एक, टेबल एक, फक्त दार वेगळं.

तलाठ्याचा_पोरगा · रविवार, सकाळी ७:३०

भाऊ एक शंका. तेच आइसबर्गचं टेबल मेटास्टोअरमध्ये पण रजिस्टर केलं अन् रेस्ट कॅटलॉगात पण, तं दोन्हीकडून लिहिता येईन का? एका वावराचे दोन सातबारे निघाले का आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात, म्हणून विचारून राहिलो.

पुण्यातला_वऱ्हाडी · रविवार, सकाळी ९:००

नाही, अजिबात नाही, आणि तुमची तुलना तंतोतंत लागू पडते. एकाचं बोट पुढे सरकतं, दुसऱ्याचं जुन्याच फाईलवर राहतं. दोघं आपापल्या जागी कमिट करतात, दोघांनाही वाटतं आपलंच खरं. मग एका बाजूनं जुने स्नॅपशॉट साफ करायचं काम चालवलं की ज्या फायली त्याच्या हिशेबानं बेकार त्या उडतात, दुसऱ्याच्या हिशेबानं त्या चालू असतात. तिथून पुढे टेबल उघडतच नाही. आइसबर्गच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हा इशारा आहे. लिहिणारे सगळे एकाच कॅटलॉगातून.

बेंबळाकाठ · रविवार, दुपारी १२:४५

भाऊ, काट्याचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेसवर असन तं फ्लिंकचा जेडीबीसी (डेटाबेसाले थेट जोडणारा) कॅटलॉग पण पाहा. शेतकऱ्यांची यादी, गावं, हे सगळं टेबल तिथं परत न लिहिता आपोआप दिसते. फक्त त्या कॅटलॉगातून नवीन टेबल बनवता येत नाही, आहे ते पाहायचं.

पांढरं_सोनं · पुढचा शनिवार, रात्री ११:२०

आठवडाभर काय केलं ते सांगतो, कोणाले तरी कामी येईन.

मेटास्टोअर एकच ठेवलं, तीनही जुने डर्बीचे फोल्डर काढून टाकले. 'पावती' आइसबर्गमध्ये नवीन केलं, सगळी नावं लहान अक्षरात. ते स्पार्कातून केलं, कारण वेळेच्या कॉलमवरून दिवसाचं पार्टिशन आपोआप काढणं फ्लिंकच्या क्रिएट टेबलमधून लिहिता नाही आलं. फ्लिंकमध्ये आता तीन कॅटलॉग आहेत. आइसबर्गवाला, त्याले मेटास्टोअरचाच पत्ता. शेतकऱ्यांच्या यादीसाठी जेडीबीसीवाला. अन् काफ्काचं टेबल हाइव्ह कॅटलॉगात, पण 'फक्त_फ्लिंक' असं नाव देऊन वेगळ्या डेटाबेसात ठेवलं, का उद्या दुसरं कोणी आलं तं स्पार्कातून उघडून बसू नये. 'भाव' जेसनमधून काढून पार्केटमध्ये, एक्स्टर्नल.

एका गोष्टीवर पुन्हा अडलो होतो. फ्लिंक लिहून राहिलं असं दिसे पण स्पार्कात एकही ओळ येईना. चेकपॉइंट, म्हणजे ठरावीक वेळानं कामाची स्थिती जतन करणं, बंद होते. फ्लिंक आइसबर्गमध्ये कमिट चेकपॉइंटलेच करते, तोवर फायली पडतात पण बोट हलत नाही. १ मिनिटाचा चेकपॉइंट लावला.

आज संध्याकाळी काट्यावर जाऊन बसलो. एक म्हातारे बाबा बैलबंडीनं कापूस घेऊन आले होते, ओलावा ९ निघाला. पावती छापली, मी मोबाइलवर घड्याळ पाहत होतो, मिनिटाच्या आत स्पार्कात ओळ आली, वजन तेच, ओलावा तोच, शेतकऱ्याचा कोड बरोबर. बाबाले दाखवलं, त्यांनी आपल्या हातातल्या कागदाशी आकडा आकडा जुळवून पाहिला अन् मान हलवली.

आता एक राहिलं. स्पार्कात 'गावनिहाय_आवक' नावाचा व्ह्यू केला आहे, तो फ्लिंकमध्ये चालत नाही. व्ह्यूचं काय करावं?

पुण्यातला_वऱ्हाडी · पुढचा शनिवार, रात्री ११:५०

व्ह्यू म्हणजे साठवलेलं एसक्यूएल, आणि ते स्पार्कच्या बोलीत आहे, फ्लिंकला ती बोली पूर्ण समजत नाही. आइसबर्गच्या व्ह्यूमध्ये एकाच व्ह्यूसाठी प्रत्येक इंजिनाच्या बोलीतलं एसक्यूएल शेजारी शेजारी ठेवायची सोय आहे, पण कॅटलॉगाला व्ह्यू यायला हवेत आणि प्रत्येक बोलीतला मजकूर कोणीतरी लिहायला हवा. तुमच्यासाठी सोपं म्हणजे, गावनिहाय आवक रात्री स्पार्कातून एका साध्या टेबलात लिहून ठेवा. टेबल तर दोघांनाही वाचता येतं.

पांढरं_सोनं · पुढचा शनिवार, रात्री ११:५४

तसंच करतो भाऊ. आज रात्रीच लावतो, लाइन आहे तोवर.